नाव देवाचे, खेळ दुसऱ्याचा

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र उलगडत होते आणि फाळक्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते. ही कथा मराठी वाचकाला नवी नाही. मात्र तिचा उत्तरार्ध आपण फारसा लक्षात घेत नाही. तो चित्रपट पाहून फाळक्यांनी परक्यांच्या नावाने बोटे मोडली नाहीत आणि परक्यांच्या चित्रपटावर कृष्णाचे नाव डकवून तो विकलाही नाही. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ मध्ये लंडन गाठले, तेथे हे तंत्र हस्तगत केले, कॅमेरा विकत घेतला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' रसिकांपुढे ठेवला. पुढे १९१७ चा 'लंकादहन' आणि १९१८ चा 'श्रीकृष्णजन्म' आले. कथा आपली होती, पण कारागिरीत हयगय चालणार नाही, हे त्यांना पुरते उमगले होते.

आज शंभराहून अधिक वर्षांनी तोच प्रश्न नव्या रूपात आपल्या दारात उभा आहे. आता चित्रपटाच्या जागी व्हिडिओ गेम आला आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यापासून पुण्याच्या सदनिकेपर्यंत मुलांच्या हाती मोबाईल आहे आणि त्यात खेळ आहेत. "आपल्या देवादिकांवर, आपल्या पराक्रमी पुरुषांवर खेळ का निघत नाहीत?" असा प्रश्न बैठकांतून आणि घरोघरी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर शोधण्यापूर्वी, ज्यांनी हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी केला त्या अमेरिकेतील ख्रिस्ती खेळ-निर्मात्यांचा अनुभव तपासून पाहणे शहाणपणाचे ठरेल. कारण त्यांच्याकडे पैसा होता, तंत्र होते, श्रद्धाळू ग्राहक होता, तरीही त्यांच्या खेळांची बहुतांशी टिंगलच झाली. असे का व्हावे?

मुखवटा बदललेले खेळ

या कथेचा आरंभ धर्मप्रेमातून झालेला नाही, व्यापारातून झाला आहे. कॅलिफोर्नियातील कलर ड्रीम्स ही कंपनी निन्टेन्डोच्या यंत्रासाठी त्या कंपनीच्या परवान्याविना खेळ काढीत असे. परवाना नसलेले खेळ ठेवू नयेत म्हणून निन्टेन्डोचा दबाव खेळण्यांच्या दुकानांवर असे. पण ख्रिस्ती धार्मिक पुस्तकांच्या दुकानांवर तो दबाव चालणार नव्हता, कारण ती दुकाने निन्टेन्डोचा माल विकतच नव्हती. ही फट हेरून कंपनीने विज्डम ट्री या नावाने बायबलवरील खेळ बाजारात आणले. १९९१ चा 'बायबल अॅडव्हेंचर्स' हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध.

त्यात नोहाची नौका, बाल मोझेस आणि डेव्हिड-गोलायथ असे तीन खेळ होते. पण खेळण्याची रीत 'सुपर मारिओ'च्या दुसऱ्या भागावरून उचललेली होती. मारिओच्या खेळात भाज्या उपटून शत्रूवर फेकायच्या असतात. इथे त्याच रीतीने प्राणी उचलायचे आणि तान्हे मूलही उचलायचे. परिणामी ज्या बाल मोझेसचे रक्षण करायचे, त्यालाच खेळाडू भिरकावून देऊ शकत असे, अगदी नदीतसुद्धा! मूल मागे विसरून टप्प्याच्या शेवटी पोहोचलेल्या खेळाडूला 'काम छान केलेस, पण बाळ राहिले' अशा अर्थाची सूचना मिळे. निर्मात्यांच्या मनात पावित्र्यभंगाचा हेतू नव्हता. परंतु उसनी रीत जशीच्या तशी घेतल्यावर तिच्यात दडलेले अर्थही सोबत येतात, याचे त्यांना भान राहिले नाही.

पुढचे उदाहरण तर याहून बोलके आहे. याच कंपनीचा 'मेनेस बीच' नावाचा एक खेळ होता. त्यात चाकांच्या फळीवरून घसरणारा एक तरुण आपल्या प्रेयसीच्या शोधात निघतो. १९९५ मध्ये तोच खेळ किरकोळ फेरफार करून 'संडे फनडे' या नावाने आला. आता तोच तरुण रविवारच्या धर्मशाळेत वेळेवर पोहोचण्यासाठी धावत होता. प्रेयसी गेली, धर्मशाळा आली, बाकी सर्व तसेच राहिले. १९९४ च्या 'सुपर थ्रीडी नोहाज आर्क'चीही हीच गत. गोळीबाराच्या 'वुल्फेनस्टाइन' या खेळाचा सांगाडा घेऊन त्यात बंदुकीच्या जागी गलोल दिली गेली. नौकेतील प्राण्यांवर अन्न मारायचे आणि त्यांना झोपवायचे! मुळात हा सांगाडा कंपनीने एका भयपटावर आधारित खेळासाठी घेतला होता. तो बेत फसल्यावर तो नोहाच्या कामी आला.

विकत घेणारा एक, खेळणारा दुसरा

इतका कच्चा माल खपला कसा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. खेळ विकत घेणारे आई-वडील होते आणि खेळणारे मूल होते. आई-वडिलांनी वेष्टनावरचे नाव आणि चित्र पाहिले. 'निदान मारामारीपेक्षा हे बरे' असे म्हणून पैसे दिले. खेळ रटाळ आहे की रंजक, हे त्यांना कळण्याचा संभव नव्हता. मुलाला ते पाच मिनिटांत कळले, पण मुलाचे मत कोणी विचारले नाही. जिथे उपभोग घेणाऱ्याचे मत विक्रीपर्यंत पोहोचतच नाही, तिथे दर्जा सुधारण्याची गरजही कोणाला भासत नाही. श्रद्धा ही अशा वेळी मालाची ढाल बनते. टीका केली तर ती धर्मावरची टीका ठरते.

हे दुखणे केवळ अमेरिकेचे आहे असे समजून निश्चिंत होण्याचे कारण नाही. आपल्याकडेही घाईने काढलेल्या बोधकथा, ओबडधोबड चित्रांची चरित्रे आणि पोरकट चलत्पट 'विषय चांगला आहे' या एका वाक्यावर तरून जातात. संस्कारांच्या नावाखाली घरात आलेली अशी पुस्तके मुले उघडतसुद्धा नाहीत. याउलट १९६७ पासून अनंत पै यांनी 'अमर चित्रकथा' सिद्ध केली, ती मुलांनी स्वतः हट्ट करून मागितली. राम वाईरकरांसारख्या चित्रकाराची रेषा तिच्यामागे उभी होती. तिथे मुलाची आवड आणि पालकाची निवड एक झाली. धार्मिक विषयाची खरी कसोटी हीच आहे की ज्याच्यासाठी वस्तू केली, तो ती आपण होऊन पुन्हा हाती घेतो काय?

प्रार्थनेचे बटण आणि प्रार्थना

कारागिरी सुधारली म्हणजे सर्व साधले, असेही नाही. २००६ मध्ये 'लेफ्ट बिहाइंड : इटर्नल फोर्सेस' हा खेळ आला. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवर तो आधारलेला होता. या वेळी सांगाडा युद्धनीतीच्या खेळाचा होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर माणसे हेरून त्यांना आपल्या पक्षात ओढायचे आणि ख्रिस्तविरोधकाच्या सैन्याशी लढायचे, असे त्याचे स्वरूप होते. मनुष्यवध केल्यास खेळाडूचे आत्मिक बळ घटे आणि प्रार्थनेची आज्ञा देताच ते भरून निघे. म्हणजे मनुष्यवध हा खर्च आणि प्रार्थना ही भरपाई! अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळींनीच वॉल-मार्टकडे हा खेळ विक्रीतून काढण्याची मागणी केली, यात नवल नाही. ज्यांना मतांतराच्या प्रश्नाची झळ ठाऊक आहे, अशा आपल्या वनवासी पट्ट्यातील कार्यकर्त्याला या खेळातील 'माणसे ओढण्याची' कल्पना खटकेल. परंतु ती अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांनाही खटकली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. माणसाला आकड्यात मोजणारा नियम कोणत्याही धर्माच्या नावाने आला तरी त्याज्यच होय.

याच परंपरेतून २०१६ मध्ये एक अगदी निराळा खेळ आला. त्याचे नाव 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. रायन आणि एमी ग्रीन या ख्रिस्ती दांपत्याचा मुलगा जोएल वर्षाचा असताना त्याला कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो गेला. त्याच्या आजारपणाच्या काळावर आई-वडिलांनी सहकाऱ्यांसह हा खेळ रचला. त्यात विजय नाही. एका प्रसंगी रुग्णालयाच्या खोलीत मूल अखंड रडत आहे. खेळाडू त्याला उचलतो, पाणी देऊ पाहतो, फेऱ्या मारतो, पण कशाचाही उपयोग होत नाही. सारे उपाय थकल्यावर बाप प्रार्थना करतो आणि मूल शांत होते. खेळाडूने काहीही 'जिंकलेले' नसते. हतबलता मात्र त्याने स्वतःच्या हातांनी अनुभवलेली असते. ज्यांना ख्रिस्ती श्रद्धेशी कर्तव्य नाही, अशांनीही हा खेळ गौरवला. त्याला ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा नवोन्मेषाचा पुरस्कार २०१७ मध्ये मिळाला.

दोन्ही खेळांत प्रार्थना आहे. एकात ती बळ भरून घेण्याची युक्ती आहे, दुसऱ्यात ती शरणागती आहे. फरक चित्रांचा नाही, नावांचा नाही, नियमांचा आहे. खेळाचा धर्म त्याच्या नियमांत असतो. खेळाडूच्या हातून काय घडते, कशाचे बक्षीस मिळते, कशाची शिक्षा होते, हेच मुलाच्या मनात मुरते. वेष्टनावर कोणाची मूर्ती छापली आहे, हे तो चार दिवसांत विसरतो.

आपल्याकडचे प्रयोग

हा मापदंड आता आपल्या प्रयोगांना लावून पाहू. २००९ मध्ये हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने तयार केलेला 'हनुमान : बॉय वॉरियर' हा खेळ सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी आला. त्या प्रकारच्या यंत्रासाठी संपूर्णपणे भारतात घडलेला पहिला खेळ, अशी त्याची जाहिरात होती. त्यावर अमेरिकेतील हिंदूंमधून आक्षेप घेतला गेला की, आराध्य दैवताला खेळाडूच्या कळीवर नाचवणे योग्य नव्हे. आक्षेपामागची भावना समजण्याजोगी आहे, पण अडचण त्याहून खोल आहे. खेळ म्हटला की त्यात हरण्याची शक्यता हवी. खेळाडू चुकणार, पडणार, पुन्हा उठणार. त्या जागी साक्षात मारुतिरायाला ठेवले तर अनाडी बोटांमुळे बजरंगबली खड्ड्यात पडणार आणि 'खेळ समाप्त' अशी पाटी झळकणार! ज्याच्या सामर्थ्याला सीमा नाही, त्याचा खेळ कसा करावा, या मूळ प्रश्नाला उत्तर न देताच ही निर्मिती झाली. समीक्षकांनाही तिच्या दर्जात समाधान मानावे असे काही आढळले नाही.

याचे उत्तर पुण्याने शोधले. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ जगापुढे ठेवला. राजी ही देवता नाही. ती डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक मुलगी आहे. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती निघते. दुर्गा आणि विष्णू हे निवेदक आहेत. ते तिच्याकडे पाहतात, बोलतात, शस्त्र देतात. खेळाडू चुकला तर राजी पडते, देवत्वाला बाधा येत नाही. राजस्थानी किल्ल्यांची वास्तू, पहाडी लघुचित्रांचे रंग, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, हे सारे त्यात सजावट म्हणून चिकटवलेले वाटत नाही, कथेच्याच अंगाने येते. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले.

पण या यशाची किंमतही पाहिली पाहिजे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तिघा संस्थापकांपैकी एकाने स्वतःचे घर विकले, तेव्हा काम पुढे सरकले. फाळक्यांच्या विमा पॉलिसीची आठवण करून देणारीच ही गोष्ट! खेळ छोटा आहे, लढाईतील काही भाग कच्चा आहे, शेवट घाईने आल्यासारखा वाटतो, अशी टीका झाली आणि ती निराधार नाही. आरंभी पात्रे इंग्रजीतच बोलत होती, हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. आपली कथा आपल्या भाषेत ऐकायला दोन वर्षे थांबावे लागले. अशा वेळी समाजातील सधन, संस्कृतिप्रेमी म्हणवणारे कोठे होते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मोक्षपटाचा धडा

वास्तविक नियमांतून धर्म सांगण्याची विद्या आपल्याला परक्यांकडून शिकण्याचे कारण नाही. मराठी परंपरा ज्याचे जनकत्व ज्ञानदेवांकडे देते, तो मोक्षपट हाच त्याचा उत्तम नमुना होय. सद्गुणाच्या शिडीने वर जावे, दुर्गुणाच्या सापाने खाली यावे आणि अखेरीस मुक्तीचे घर गाठावे. तिथे उपदेश वेगळा करावा लागत नव्हता. कवड्या टाकता टाकता मूल कर्म आणि फळ यांचा संबंध शिकत होते. १९ व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. तेथे त्याला प्रथम त्यांच्या नीतिकल्पनांची नावे मिळाली, मग तीही गळून पडली आणि नुसती सापशिडी उरली. विज्डम ट्रीने उसन्या नियमांवर धर्माचे नाव चढवले होते. इथे धर्माचे नाव पुसले गेले आणि नियम जगभर फिरला. तरीही आज जगातील कोणतेही मूल सापशिडी खेळताना नकळत चढ-उताराचा तो जुना पाठ गिरवतेच. नियम किती चिवट असतो, हे यावरून ध्यानात यावे.

विवळवेढ्याची देवी खाली उतरते

आता एक कल्पना करून पाहू. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ विवळवेढे येथे डहाणूच्या महालक्ष्मीचे मंदिर आहे. चैत्री पौर्णिमेपासून तेथे पंधरा दिवसांची यात्रा भरते आणि महाराष्ट्र-गुजरात सीमेच्या दोन्ही बाजूंचे भाविक लोटतात. गडाच्या माथ्यावर ध्वज लावण्याचा मान वनवासी पुजाऱ्याचा आहे. उद्या एखाद्या उत्साही मंडळाने या देवस्थानावर खेळ काढायचे ठरवले तर काय होईल? बहुधा तयार सांगाडा विकत घेतला जाईल. वाघ, राक्षस, नाणी गोळा करणे, टप्प्याटप्प्याने गड चढणे, माथ्यावर देवीचे चित्र आणि पार्श्वभूमीला वारली चित्रांची झालर. म्हणजे 'संडे फनडे'चीच मराठी आवृत्ती!

कारण या स्थानाची कथा नेमकी उलट आहे. लोककथा सांगते की, एक गर्भवती भक्त नेमाने देवीच्या दर्शनाला गड चढत असे. एकदा वाटेतच तिला घेरी आली आणि ती कोसळली. तेव्हा देवीने तिला दर्शन दिले आणि आता तू वर येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते, असे सांगितले. म्हणून देवी विवळवेढ्याला आहे. जो सर्वांत जलद चढेल तो जिंकेल, हा बाजारातील खेळांचा नियम. जो थकला त्याच्यासाठी देवता उतरते, हा या गडाचा नियम. या कथेवर खेळ करायचा तर घेरी आलेल्या सोबतिणीसाठी थांबणाऱ्या यात्रेकरूला यश मिळाले पाहिजे आणि तिला मागे टाकून माथा गाठणाऱ्याला तेथे रिते शिखर दिसले पाहिजे. असा खेळ खेळलेल्या मुलाला भक्तवत्सल या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

वारली चित्रांचेही तसेच. लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने कुडावर लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते, धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा लग्न लागते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही रेषा जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते निवर्तले. ही चित्रे पेल्यांवर, साड्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर आली आणि चौकाचा अर्थ मागे पडला. खेळ काढणाऱ्यांनी या पाड्यांवर जाऊन आधी ऐकून घेतले पाहिजे. तारपा वाजवणारा, चौक लिहिणारी, गडाचा पुजारी, यांना निर्मितीत सन्मानाचे स्थान आणि कष्टाचा मोबदला मिळाला पाहिजे. खेळात वारली बोली ऐकू आली पाहिजे. वनवासी बांधव आपलाच आहे, हे वाक्य अशाच ठिकाणी कसाला लागते.

निषेधापलीकडे

परिस्थिती आज पूर्वीइतकी प्रतिकूल नाही. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांना बंदी करणारा कायदा केला आणि निखळ खेळांना वेगळे स्थान दिले. त्याच वर्षी मुंबईत सर्जनशील तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. पुण्यात कुशल तरुण आहेत. उणीव आहे ती जाणत्या ग्राहकाची आणि धीराच्या पैशाची.

कोठे विटंबना झाली तर निषेधाचे पत्रक एका सायंकाळी निघते आणि प्रसंगी ते निघालेच पाहिजे. चांगला खेळ घडायला मात्र पाच वर्षे लागतात, त्यासाठी अभ्यासक लागतो, चित्रकार लागतो, भाषा जाणणारा लागतो आणि फसलेला प्रयत्न पोटात घालून पुन्हा उभे करणारा आश्रयदाता लागतो. ख्रिस्ती निर्मात्यांची पहिली पिढी श्रद्धेच्या वेष्टनावर विसंबली आणि हसे करून घेऊन गेली. पुढे एका शोकाकुल दांपत्याने आपल्या श्रद्धेशी आणि कारागिरीशी सारखाच प्रामाणिकपणा राखला, तेव्हा परधर्मीयही नतमस्तक झाले. हा अनुभव आपल्यासमोर आयता आहे.

म्हणून यापुढे 'आपल्या देवावरचा खेळ' म्हणून कोणी काही पुढे केले तर घरातील वडीलधाऱ्यांनी तो आधी मुलासोबत बसून तासभर खेळून पाहावा. त्यात मुलाच्या हातून काय करवून घेतले जाते, ते पाहावे. मग 'पुन्हा खेळशील का?' असे मुलाला विचारावे. आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले, तर वेष्टनावर कोणाचेही नाव असो, तो खेळ दुकानदाराला परत करावा.